चाळीस फॉर्म, दोन चमचे

फिजीत सुवाला निघालेल्या बसमध्ये वासिती ऐकत होती; तिच्या पुढच्या बाकावर नर्सिंगला शिकणारी मुलगी आपल्या काकूला फॉर्म दाखवत होती.

“मधुमेहाचा अभ्यास आहे, काकू. चाळीस माणसं, आणि चहात साखर सगळ्यांची दोन चमचे. सर म्हणतात, घरी बसून भरलेस. नापास करतील.”

“विचारलंस कुठे?”

“सभाघरात, सगळे यंगोना प्यायला जमले होते, वाटी फिरत होती तेव्हा.”

“आधी कोण बोललं?”

“काकाच. गावप्रमुख ना ते.”

“मग त्यांच्यापेक्षा वेगळं कोण सांगेल, बाई? आता घरोघरी जा, चुलीपाशी बसून विचार. माझे पाच लिही.”

“काकांचे दोनच ठेवू?”

“सात लिही. चहा मीच करते. उद्यापासून दोनच घालीन, त्यांचा शब्द खोटा पडायला नको.”