हरसूलची साखळी

परदेशात शिकलेलं अणुविज्ञान मी हरसूलच्या एका ओट्यावर वापरलं, ऐका. माझ्या वर्गातली मंदा शाळेत येईना, म्हणून तिच्या घरी गेले.

तिचे वडील म्हणाले, "मॅडम, आधी एक पोर शाळंत जायची थांबली, मंग तिच्या दोघी मैत्रिणी. रानातून हिला एकटीला कशी धाडू?"

"दादा, ही तर साखळी अभिक्रिया! एक अणू फुटला की त्याचे कण आणखी अणू फोडतात."

"मंग ती थांबवायची कशी?"

"मध्ये कण गिळणारी सळई घालतात."

दाराआडून मंदा म्हणाली, "बाबा, मी हाय ना सळई! मी शाळंत गेले की साखळी तुटंल."

वडील हसले. पायात चपला सरकवत म्हणाले, "चल, मी येतो संगं. त्या तिघींनाबी हाक मार."

वाटेत पोरी वाढत गेल्या, तशी मंदा मला म्हणाली, "मॅडम, ही साखळी मात्र थांबवायची नाय हां!"