कोंबडीची नाही, चॉकलेटची नळी

“हिलाच बसवू या व्हरांड्यात वाटायला... मास्क लावला काय न लावला काय, हिचं तोंड तसंही बंदच असतं!”

आता तुम्हीच सांगा, हे ऐकायला मी काय मुद्दाम कान लावून बसले होते? मी आपली तळघरात टॉवेलच्या घड्या घालत होते हो! पण आमच्या डोक्यावर छतात घर तापवणाऱ्या गरम हवेची जाळी, तिच्यातून वरचं सगळं ऐकू येतं, वर सासूबाईंचं स्वयंपाकघर, आणि सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीशी, डॉटीमावशींशी बोलत होत्या. लोर्ना हॅस्केल हळू बोलतात तेव्हासुद्धा शेजारच्या घरातले विद्यार्थी झोपेतून उठतात, मग मी तर बरोबर खालीच! ऐकलं. टॉवेलची घडी घातली. पुढचा टॉवेल घेतला.

तसं तुम्हाला सांगते, माणसं वाईट नाहीत. मे महिन्यात आमचं लग्न झालं, यांच्याच परसात, अकरा माणसं, सहा-सहा फुटांवर खुर्च्या, पाद्रीबुवा लॅपटॉपमध्ये. माझ्या नवऱ्याची, थिओची नोकरी लांबणीवर पडली, घरभाडं परवडेना, तेव्हा “तळघर रिकामंच आहे की, या!” म्हणणारे हेच. फक्त काय आहे, या घरात तिघंही एकदम बोलतात. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, त्यात मी माझं वाक्य ठेवू कुठे?

बरं, विषय होता हॅलोविनचा, म्हणजे पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात त्या संध्याकाळचा. एकतीस वर्षं या गल्लीत हॅस्केलांच्या घरी चॉकलेटचा अख्खा बार मिळतो. चिमुकल्या वड्या नाहीत, अख्खा! आणि व्हरांड्यात माझे सासरे एमेट बुजगावणं होऊन बसतात, पेंढा, टोपी, सगळं, पोर जवळ आलं की “भ्वाऽऽ!” पण यंदा गावाने कळवलेलं, दारापर्यंत यायचं नाही, भांड्यात हात घालायचा नाही, अंतर ठेवा. त्यात सासऱ्यांना मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झालेला, डॉक्टरांनी बजावलेलं, गर्दीत जायचं नाही म्हणजे नाही. सासूबाईंना त्याची इतकी धास्ती की दुधाच्या पिशव्यासुद्धा साबणाने धुवायच्या.

“मग काय, बंद करायचं?” सासरे म्हणाले, आणि म्हणताना असे काही बसले, की अंगात पेंढा नसतानाच बुजगावणं! तेव्हा सासूबाईच विरघळल्या. “वरच बसणार असशील तर बस. पायरी उतरलास तर माझ्याशी गाठ आहे!”

म्हणून नळी! व्हरांड्याच्या कठड्यापासून फुटपाथपर्यंत बारा फुटी प्लॅस्टिकचा पाइप. वरून बार सोडायचा, खाली पोराच्या पिशवीत. आता सासऱ्यांनी तीस वर्षं कॉलेजात पाण्याच्या वहनाचं शास्त्र शिकवलेलं, साधा पाइप लावतील? सात आकृत्या काढल्या! मधोमध एक एल्बो, म्हणजे वाकडा सांधा बसवला. “वेग कमी करायला, ग्रेटा! नाहीतर बार थेट पोराच्या नाकावर!” आणि चाचणी कशाने घेतली? गोल्फच्या चेंडूने! चेंडू काय, गोल तो, वळणार नाही तर काय? टुणकन बाहेर. टाळ्या!

मी हातात बार धरून उभी. लांब, ताठ, पट्टीसारखा. हा वळणार कुठून, सांगा? मी तोंड उघडलं... “अहो, हा बार—”

“नारिंगी रंग दे त्याला, एमेट!” – “आई, शिडी कुठाय?” – “वेग अगदी अचूक!”

मी बार परत खोक्यात ठेवला.

शनिवारी साडेपाचलाच रांग लागली. फुटपाथवर खडूने सहा-सहा फुटांवर भोपळे काढलेले, प्रत्येक भोपळ्यावर एक पोर. शेजारचे विद्यार्थी सांगाडे बनून, मास्कवर दात रंगवून, आपल्याच हिरवळीवर बसून गाणी वाजवताहेत. किती छान दिसत होतं म्हणून सांगू! पहिला नंबर एका डायनासोरचा, वय चार. मी बार सोडला. घर्रर्रर्र... आणि गप्प. दुसरा सोडला. घर्रर्र... ठक्! तिसऱ्याने दुसऱ्याला ढकलायचं, तर तोही जाऊन मुक्कामाला!

डायनासोर पाइपात डोळा घालून बघतोय. मागची पोरं भोपळे सोडून भोवती गोळा झाली. आणि आमचं बुजगावणं उठलं! हातात झाडूचा दांडा, मास्क हनुवटीवर, पेंढा गळतोय, “सरका, सरका, मी बघतो!” म्हणत पायरीकडे... वीस पोरांच्या घोळक्यात! सासूबाई ओरडताहेत, “एमेट, मास्क!” थिओ ओरडतोय, “बाबा, दांडा नको!” तिघंही एकदम, नेहमीसारखे, आणि कोणी कोणाचं ऐकेल तर शपथ!

मग काय झालं कोण जाणे, माझंच तोंड उघडलं.

“एमेट, खाली बसा! पायरी उतरायची नाही! थिओ, तो एल्बो काढ, दोन्ही तुकडे सरळ जोड! आणि पोरांनो, आपापल्या भोपळ्यावर... चला!”

सांगाड्यांनी गाणं बंद केलं. सासरे मटकन बसले. सगळी पोरं भोपळ्यांवर. थिओने एल्बो उपटला, तिन्ही बार त्यातून झाडले, पाइप सरळ जोडला, आणि मग सुर्रर्रकन एक बार डायनासोरच्या पिशवीत! नाक शाबूत. पुढचा तास नुसती सुर्र, सुर्र, आणि वरून “भ्वाऽऽ!” एकशे चाळीस बार संपले, तेव्हा सासरे म्हणाले, “वेग जरा जास्तच आहे,” पण हसत म्हणाले.

मग आम्ही चौघं व्हरांड्यात गरम सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस, पीत बसलो. एवढं बरं वाटत होतं ना! सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “अगं बाळा, एवढा आवाज आहे तुझ्याकडे! आणि एल्बोचं आधीच कळलं होतं ना तुला? मग बोलली का नाहीस? सहा महिने झाले, या घरात तुला कोणी कधी एका शब्दाने तरी दुखावलंय का?”

आणि तिघंही थांबले हो! माझ्यासाठी! अख्ख्या वाक्याची जागा रिकामी! नेहमीप्रमाणे गप्प बसायला हवं होतं, कळतंय मला... पण तोंड आता उघडलंच होतं, काय करणार?

“लोर्ना,” मी म्हटलं, “तुमच्या स्वयंपाकघरातली ती गरम हवेची जाळी आहे ना, ती थेट आमच्या तळघरात उघडते.”