हळदीच्या मांडवातला अंगठा

विमलाबाई: …आन ती खाजनाच्या बांधावरनं हाक मारायची. 'विमऽऽल, ऐकतीस का गो?' वारा उलटा असला तरी तिचा आवाज आमच्या ओटीवर यायाचा. त्या दिवशी बोलली, 'माझ्या उत्तमचं लगीन काढलंय. हलदीत धवला तूच गायाचा. माझ्या मांडवात दुसरीचा गला नको.' शांता गेली, बांध गेला, बांधावर बिल्डिंगी उभ्या राह्यल्या. हाक तेवढी तिथंच हाय.

दिपेश: आई, मॅडम ठाण्याहून आल्यात. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बिचाऱ्या. त्यांना शांताकाकूची हाक नकोय. उत्तम वकिलाचं सांग.

ऐश्वर्या: असू दे, दिपेशदादा. उत्तम वकील म्हणजे शांताबाईंचाच मुलगा ना? मग हाकसुद्धा त्यातच आली.

विमलाबाई: बघ. शिकलेली हाय तरी ऐकते.

दिपेश: मी पण ऐकतो. जन्मल्यापासून ऐकतोय. आज कंपनीत हाफ डे टाकून ऐकतोय.

ऐश्वर्या: आजी, मागच्या वेळी आपलं नीट बोलणं झालं नाही, म्हणून परत सांगते. मी वकीलच आहे, पण आलेय वकिलांच्या समितीकडून. एखाद्या वकिलाने स्वतःच्याच पक्षकाराला लबाडीने नागवलं असेल, तर समितीचा एक निधी आहे, त्यातून त्या माणसाला भरपाई मिळते. खरंच तसं झालंय का, हे बघायचं काम माझं.

विमलाबाई: म्हंजे तू माझी वकील.

ऐश्वर्या: नाही. तुमची नाही, त्यांचीही नाही.

विमलाबाई: आन मांजराच्या दुधाला राखन मांजराचीच.

ऐश्वर्या: हो ना. म्हणून तर एवढ्या लांब पायपीट करायला लावतात मांजराला.

विमलाबाई: मंग चहा घे. दूध जास्त घातलंय.

दिपेश: मॅडम, तुम्ही घाई करा, नाही तर ही तुम्हाला जेवायला बसवेल आणि विषय तिथेच राहील. मागे तसंच झालेलं.

ऐश्वर्या: बरं, मला जे कळलंय ते सांगते. चुकलं तर थांबवा. शीळफाट्याच्या अंगाला तुमचं शेत होतं, ते रस्त्यात गेलं. मोबदला फार कमी मिळाला, म्हणून तुमच्या नावाने उत्तम वकिलांनी दावा लावला. तुमच्याकडून फी घेतली नाही.

विमलाबाई: नाय घेतली. त्याच्या लग्नात धवल्याचं मानाचं लुगरं मी घेतलं नव्हतं. शांताच्या मांडवात कसलं लुगरं घ्याचं? ते त्यानं ध्यानात ठेवलं. बोलला, काकी, तुझा दावा मी फुकट लढनार.

दिपेश: फुकटातलं लय महाग पडलं.

ऐश्वर्या: दावा जिंकला. वाढीव मोबदला मंजूर झाला आणि तुमच्या अंगठ्याच्या कागदावर त्यांनी तो उचलला. तुम्हाला कळवलं नाही.

दिपेश: कळवलं ना. 'तारीख पडली' हे कळवलं. दर वेळी हेच. शेवटी मीच ठाण्याच्या सरकारी ऑफिसात गेलो. तिथला माणूस मला बघून हसला, मॅडम. बोलला, पैसे कधीचे गेले, तुम्ही आत्ता आलात? खाली आलो, रिक्षावाला विचारतोय कुठे जायचं, मला स्टेशन म्हणायचं पण सुचेना. मग आईच्या नावाने मीच तुमच्या समितीकडे तक्रार केली.

ऐश्वर्या: आता उत्तम वकिलांचं उत्तर आलंय. ते म्हणतात, पैसे घेतले हे खरं, पण काकींनी ते स्वतःहून दिले. निशाच्या हळदीत मी कागद घेऊन गेलो, काकींनी अंगठा दिला, आणि अंगठा देताना माझ्या कारकुनासमोर म्हणाल्या, 'हे पैसे येतील ते तुझ्याकडंच ठेव. तुझी अडचण भागव. सवडीनं दे.'

दिपेश: निशा म्हणजे माझी चुलतबहीण. गावातलंच लग्न.

ऐश्वर्या: तर आजी, सगळं त्या एका वाक्यावर येऊन थांबलंय. तुम्ही तसं म्हणाला असाल, तर ती तुमच्या दोघांमधली उसनवारी झाली. निधीतून काही मिळणार नाही आणि त्यांच्यावर ठपकाही येणार नाही. म्हणाला नसाल, तर भरपाई मिळते आणि त्यांची सनद जाऊ शकते. तुम्ही तसं म्हणालात का?

विमलाबाई: साखर बेस हाय ना गो चहात?

दिपेश: हे बघा. कधीपासून हेच चाललंय. त्या वाक्यापाशी आलं की साखर. मी विचारलं, माझ्या बायकोने विचारलं, मामाला मुद्दाम बोलावलं. मामाला वाटलं हिला डायबिटीस झाला.

ऐश्वर्या: साखर बरोबर आहे, आजी.

दिपेश: आई, घरमालकाने ही खोली विकायला काढलीये. पैसे आले तर आपणच घेऊ. नाही आले तर दिवाळीच्या आत सामान उचलायचं आणि परत डिपॉझिट, परत ब्रोकर. तू जिचं शेत होतं ना, ती तू दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकायला परवानगी मागतेस. मला ते बघवत नाही.

विमलाबाई: तुझ्या बापानं बांधलेलं घर पाडलं, तवा त्याचा पन शेवटी खिळाच राह्यला. काय ते घर घेऊन बसलास.

ऐश्वर्या: दिपेशदादा, जरा मी बोलू? आजी, ते वाक्य बाजूला ठेवा. मला हळद सांगा. माझं माहेर-सासर सगळं तळकोकणातलं, आमच्याकडे भटजी असतो. धवला मी कधी ऐकलेला नाही.

विमलाबाई: ऐकलाच नाय? मंग तुझं लगीन कसं काय लागलं?

ऐश्वर्या: लागलं कसंबसं. टिकलंय अजून.

विमलाबाई: आमच्यात भट मागनं येतो, आदी धवलारीन. ती मांडवात बसते, मांडवाला जागं करते. तिनं बोलावल्याबिगर देव येत नाय, पित्र येत नाय. पार समुद्रापासनं बोलवाचं. खाडीला बोलवाचं, मिठाला बोलवाचं, ज्या बाईनं पयली हलद वाटली तिला बोलवाचं. असं बग…

'खारी गो खाडी, तू भरतीनं ये,
भरतीनं ये, माझ्या दारानं ये.
लेकीच्या हलदीला उशीर झायला,
बुडालेल्या बापाला हातानं ने…'

ऐश्वर्या: बुडालेल्या बापाला?

विमलाबाई: निशाचा बाप खाडीत गेला ना, माझा धाकटा दीर. त्याला आनल्याबिगर तिची हलद कशी लावाची? ते कुनी शिकवत नाय. ज्याच्या घरी जाशील त्याचं दुःख बघाचं आन त्यात गुंफाचं.

दिपेश: त्या दिवशी सगळा मांडव रडलेला, मॅडम. डीजेवाला पण. माझ्या लग्नात एवढं नाही गायली.

विमलाबाई: तुझ्या लग्नात दुःख व्हतं कुठं? तुझी बायको यायची व्हती अजून.

ऐश्वर्या: आणि हे किती वेळ चालतं?

विमलाबाई: हलद उतरंपर्यंत. एकदा देव बोलावले का मधी तोडाचा नाय. सासूनं मना शिकवलं तवा पयलं तेच सांगतलं. खोकला आला तर मागची बाय सूर धरंल, पन तू दुसरा शबूद तोंडातनं काढाचा नाय. पानी मागाचं तर हातानं. पोर रडलं तर डोल्यानं. धवल्यात घरचं बोलनं आलं का आलेले पित्र अर्ध्या वाटंवरनं माघारी जातात. सासू वारली तवा निरोप आला, मी मांडवात व्हते. धवला पुरा केला आन मंग रडले.

ऐश्वर्या: निशाच्या हळदीत उत्तम वकील आले, तेव्हा धवला सुरू होता?

विमलाबाई: व्हता तर. दिराला बोलवत व्हते ना मी.

ऐश्वर्या: आणि अंगठा?

विमलाबाई: तो खाली वाकला, पाया पडला. पॅड पुढं केलं. माझा हात हलदीनं भरलेला, त्यानंच आपल्या रुमालानं अंगठा पुसला. लय हलक्या हातानं पुसला. मी मान हलवली, काय म्हनून. तो नुसता हसला. मी दिला अंगठा आन पुढचं कडवं घेतलं.

ऐश्वर्या: आजी.

विमलाबाई: काय गो?

ऐश्वर्या: मग ते वाक्य तुम्ही कधी म्हणालात?

(विमलाबाई रिकामा कप उचलून बशीवर पालथा घालतात, पुन्हा सुलटा करतात.)

विमलाबाई: तू लय हुशार हायेस. साखरंतनं काढलंस.

दिपेश: एक मिनिट. म्हणजे ती काही बोलू शकतच नव्हती. मॅडम, झालं की. लिहा ना हे.

ऐश्वर्या: नाही होत तेवढ्याने. मी समितीला सांगितलं की धवल्यात बोलत नाहीत, तर उत्तम वकील म्हणतील, नंतर बोलल्या, मांडवाबाहेर बोलल्या. माझा अंदाज म्हणजे आजींचं म्हणणं नाही. आजींनी स्वतः सांगायला हवं, हो किंवा नाही. आणि आज मी तिसऱ्यांदा आलेय. आज काही सांगितलं नाही, तर 'तक्रारदार बोलायला तयार नाही' एवढं लिहून मला हे बंद करावं लागेल.

विमलाबाई: कर बंद. काय नाय बिघडत.

दिपेश: आई!

विमलाबाई: ओरडू नको, शेजारी लहान पोर निजलंय. पोरी, तुला सांगते. ज्याच्या मांडवात मी देव बोलावले, त्याच्या घराला माझ्या तोंडानं वाईट बोलाचं नाय. ह्या तोंडानं मी त्याच्या दारात खाडी बोलावली, शांताच्या माहेरचे पित्र बोलावले. बोलले, ह्या पोऱ्याच्या घरात मीठ सरू देऊ नका. आन आता तेच तोंड उघडून सांगू, तो चोर हाय? मंग माझ्या गल्यावर इश्वास कोन ठेवंल?

ऐश्वर्या: ते आले होते का तुमच्याकडे? तक्रार झाल्यावर?

विमलाबाई: आयला व्हता. हा कामावर व्हता. तिथं बसला, तू बसलीस तिथंच. काय बोलला नाय. शांतासारखीच मान खाली घालतो तो. जाताना बोलला, काकी, तू माझा धवला घेतलायस. एवढंच.

दिपेश: बघा, म्हणजे येऊन धमकीच दिली.

विमलाबाई: धमकी कसली? खरं तेच बोलला.

ऐश्वर्या: हे तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं?

विमलाबाई: सांगून काय? गेलं ते माझं गेलं. माझं शेत, माझा अंगठा. दुसऱ्या कुनाचं काय गेलंय?

दिपेश: तुझं एकटीचं नाही गेलं.

विमलाबाई: म्हंजे?

दिपेश: गावातली लक्ष्मीवहिनी, ती मला सांगू नको म्हणालेली, पण सांगतो. तिचं शेत त्या नव्या रस्त्यात आलंय. नवरा नाही, पोरं लहान. तिने कागद कुणाला दिलेत माहितीय? उत्तमला.

विमलाबाई: कवा?

दिपेश: रविवारी देणारे सही. मी तिला बोललो, वहिनी, आमचं काय झालं ते ऐकलंस ना. तर मला काय म्हणाली? 'तसं असतं तर विमलाकाकी गप्प राहिली असती का? उत्तमने मला सांगितलंय, जाऊन काकीला विचार. काकी माझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.' तो गावभर हेच सांगत फिरतो, आई. तू गप्प आहेस, हीच त्याची पाटी आहे ऑफिसवरची.

विमलाबाई: माझं नाव घेतो?

दिपेश: तुझंच घेतो.

विमलाबाई: लक्ष्मी मना इचाराला का नाय आली?

दिपेश: तुझ्या दुःखावर मीठ कशाला चोळू, म्हणाली.

विमलाबाई: येडी. लक्ष्मीचा धवला पन मीच घेतलेला. आयबाप नव्हते तिला, मामानं लगीन लावलं. तिच्यासाठी कुनाला बोलवाचं तेच सुचत नव्हतं. मंग मी मलाच बोलावलं. बोलले, हिची आय म्हनून मी आली मांडवात, बाकीच्यांनी उद्या या. लोक हसले. ती नाय हसली.

ऐश्वर्या: आजी, घाई नाही. मी बसते.

विमलाबाई: बसून काय होनार? दिपेश, तो पंखा बंद कर. ह्यांचे कागद उडतात.

दिपेश: केला.

विमलाबाई: चोर हा शबूद मी बोलनार नाय. तो तुमचा तुमी काय लावाचा तो लावा.

ऐश्वर्या: तो शब्द मला नकोच आहे. जे झालं तेवढं सांगा.

विमलाबाई: लिही. निशाच्या हलदीत उत्तमनं अंगठा घेतला तवा माझ्या तोंडात धवला व्हता. त्याला मी एक शबूद बोलले नाय. धवला सरला तवा तो निघून गेला व्हता. त्याच्यानंतर पन मी त्याला कदी बोलले नाय, पैसं ठेव म्हनून. कारकुनासमोर नाय आन कुनासमोर नाय. लिहिलंस?

ऐश्वर्या: लिहिलं. वाचून दाखवू?

विमलाबाई: नको. तुझ्या तोंडातनं ऐकाचं नाय मना ते. आन आजून एक लिही.

ऐश्वर्या: सांगा.

विमलाबाई: त्याची बायको तवा हॉस्पिटलात व्हती, कल्यानला. मना ठावं व्हतं. दिपेशला मी हे कदी सांगतलं नाय, आज सांगते. उत्तम माझ्या ओटीवर येऊन बोलला असता ना, काकी, मना पायजेत, तर मी सगळं दिलं असतं. दिपेशला न इचारता दिलं असतं.

दिपेश: …सगळं?

विमलाबाई: सगळं. पन त्यानं इचारलं नाय.