आत राहिलेली खूण

बाबा : सबंध ओळीला एकच रंग फासलास?

मुलगी : सबंध नाही हो. ‘बहिणीच्या जुन्या घरी गेलेलं पार्सल’ एवढ्यालाच. ही झाली वस्तू. अशा खुणा बघूनच कुरियर कंपनीच्या फोनवर उत्तरं देणारं मशीन लोकांचं बोलणं समजायला शिकतं.

बाबा : आणि ‘बहिणीच्या जुन्या घरी’ हा पत्ता? त्या पत्त्याच्या पोटात बहीण बसलीय, ती? चौतीस वर्षं पोस्टमन होतो, बाई. महिनाभर सांगतोय, आतलं माणूस सोडू नकोस.

मुलगी : महिनाभर ऐकतेय ना? आज तीनशे वाक्यं संपवायचीत.

बाबा : मग पार्सल आणायला मशीन जाणार कुठे? बहिणीच्या नव्या घरी?

मुलगी : बरं, लावते आतल्या खुणा.

बाबा : ऑफिसात पटतं का गं हे माझं?

मुलगी : हं.

बाबा : मग माझंही एक घाल. ‘मुलीनं मला घेऊन दिलेला चष्मा दुरुस्तीला पाठवायचाय.’

मुलगी : परत मोडलात? बसता कसे हो त्यावर! घातलं. ‘मुलीनं’पासून ‘चष्मा’पर्यंत वस्तू. झालं.

बाबा : आत मुलगी राहिली.

मुलगी : उद्या करते. तुम्ही फिरून या बघू, ऊन चढेल.

(बाबांना जाऊन पंधरा दिवस झालेत. तेच टेबल. फोनवर ऑफिसातली मैत्रीण.)

मैत्रीण : तुला त्रास देणार नव्हते गं. पण मशीनला शिकवायला आज सुरुवात होतेय, आणि तुझं एकच वाक्य अर्धवट आहे. चष्म्याचं. बाहेर खूण आहे, आत काहीच नाही. काढून टाकू?

मुलगी : नको! थांब, करते.

मैत्रीण : तुझ्याकडून कसं सुटलं? आतलं माणूस सोडायचं नाही, हा नियम तुझाच. मॅडमनी सगळ्यांना लावलाय.

मुलगी : माझा नाही.

मैत्रीण : म्हणजे?

मुलगी : बाबांचा. शाबासकी मी घेतली. त्यांना घरी येऊन सांगितलंसुद्धा नाही.

मैत्रीण : मी मॅडमना सांगू?

मुलगी : मीच सांगेन. आधी बाबांना सांगू दे. फोन ठेवू नकोस हं.

मैत्रीण : नाही ठेवत. बोल.

मुलगी : बाबा, सगळं ऑफिस तुमच्या सांगण्यानं काम करतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी नुसतं ‘हं’ म्हटलं. आणि मुलगी राहिली म्हणालात ना, ‘मला’सुद्धा राहिलं होतं. स्वतःला मोजलंच नाहीत तुम्ही. आता दोघंही आत आहेत.