तिसरी चावी

सासू: आणि जुनं कुलूप काय करणार? भंगारात?

कुलूपवाला: भंगारात कशाला मावशी, तुम्हालाच देतो. चांगलं आहे अजून. एखाद्या कपाटाला लावा.

सासू: माझ्या मुलाने आणलं होतं ते. हे घर घेतलं तेव्हा. स्वतःच्या हाताने बसवलं.

कुलूपवाला: ते दिसतंयच. दोन स्क्रू तिरके गेलेत.

सून: आई, तुम्ही जरा आत बसता का? त्यांना उजेड मिळत नाहीये.

सासू: मी इथेच बसणार. स्टूल माझं, दार माझ्या मुलाचं. का कोर्टाने स्टूलही तुलाच दिलंय?

सून: कोर्टाने कोणालाच काही दिलेलं नाही. घर त्याचंच आहे. मी इथे राहायचं आणि त्याने इथे यायचं नाही, एवढंच सांगितलंय.

सासू: ‘त्याने’. मागच्या महिन्यापर्यंत ‘त्यांनी’ होतं.

सून: कागदावर ‘प्रतिवादी’ लिहिलंय. तसं म्हणू?

कुलूपवाला: ताई, तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, चावी हरवली असेल. बहुतेकांची हरवलेलीच असते. हे असं काही असेल तर... म्हणजे साहेब उद्या माझ्या दुकानावर येऊन विचारणार नाहीत ना, कोणाला विचारून दाराला हात लावलास म्हणून?

सून: हा आदेश. वाचून घ्या.

कुलूपवाला: वाचायचं काय त्यात. शिक्का दिसला, बास.

सासू: शिक्क्याचं बाकी कौतुक आहे. शिक्क्याबरोबर दोघी आल्या होत्या. एक पोलीसबाई आणि एक ती संरक्षण अधिकारी. माझा मुलगा इथे उंबऱ्यात उभा, हातात बॅग, आणि पोलीसबाई हिला म्हणते, ‘मॅडम, तुम्ही बसा. पाणी घ्या.’ मॅडम!

सून: तुम्हालाही बसायला सांगितलं तिने.

सासू: मला विचारलं, ‘आजी, तुम्ही ह्यांच्या कोण?’ ह्यांच्या म्हणजे कोणाच्या, तेच कळलं नाही. तेव्हापासून विचार करतेय, काय उत्तर द्यायला हवं होतं.

कुलूपवाला: ह्याच्याबरोबर तीन चाव्या येतात. पाकीट बंद आहे बघा, तुमच्यासमोर फोडतोय. कोणाकोणाच्या?

सून: एक माझी. एक मुलीची, ती शाळेतून माझ्या आधी घरी येते. एक आईंची.

सासू: चौथी करून मिळेल?

कुलूपवाला: मिळते की. चावी घेऊन या दुकानावर, उभ्या उभ्या करून देतो.

सून: चौथी कोणासाठी?

सासू: माझ्याकडून हरवतं. चष्मा नव्हता का हरवला?

सून: तो फ्रीजमध्ये सापडला.

सासू: म्हणजे हरवला होता ना.

सून: आई, एक विचारू? तुम्ही त्याच्याबरोबर का नाही गेलात? अधिकारीबाईंनी तुम्हाला दोनदा विचारलं. तोही म्हणत होता, चल म्हणून.

सासू: माझ्या गोळ्या इथल्या दवाखान्यातून असतात.

सून: त्या कुठेही मिळतात.

सासू: मी नकोय का तुला?

सून: तसं मी म्हटलेलं नाही.

सासू: सगळं मनासारखं झालंय तुझ्या, आता म्हातारीही गेली की झालं. फोन केलास, गाडी आली. बोललीस, त्यांनी लिहून घेतलं. दंडाचे फोटो काढले, वरून, बाजूने, शेजारी पट्टी धरून. जसं काही दागिना मोजतायत. आमच्या वेळी कॅमेरा फक्त लग्नात यायचा.

सून: तुम्हाला काय वाटतं, मला हौस होती फोटोंची?

सासू: हौस नसेल. पण निघाले ना.

कुलूपवाला: मावशी, पाय जरा आत घ्या. मशीन लावतोय. दोन मिनिटं कोणाला काही ऐकू येणार नाही, बोलायचं ते नंतर बोला.

सासू: आमचं कुठे पळून जातंय.

कुलूपवाला: ...हं. बसलं. ताई, तुम्ही नको, मावशींना फिरवून बघू दे. वयस्कर माणसाच्या हाताने फिरवलं की कळतं, घट्ट आहे का बरोबर आहे. घ्या मावशी.

सासू: डाव्या हाताने फिरवते.

कुलूपवाला: उजव्याने बघा ना. सगळे उजव्यानेच उघडतात.

सासू: तो वळत नाही.

कुलूपवाला: सांधेदुखी? माझ्या आईलाही आहे.

सासू: सांधेदुखी नाही. बाथरूममध्ये पडले होते.

सून: मला तर जिन्यावरून पडल्याचं सांगितलं होतंत. माझ्या लग्नानंतर, पहिल्याच आठवड्यात.

सासू: असेल. जिन्यावरूनच असेल.

सून: आणि शेजारच्या काकूंना सायकलवरून.

सासू: तू काय सांगितलंस डॉक्टरला?

सून: आता कशाला ते?

सासू: सांग ना. मी बाहेर बाकावरच होते.

सून: पडले म्हणून सांगितलं.

सासू: बघ. तेच. दार अर्धवट उघडं होतं, मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. आणि ती कालची पोर, अजून गालावर मुरमं आहेत, ती डॉक्टर म्हणाली, ‘पडल्यावर बोटांचे ठसे उठत नाहीत.’ तिने स्वतःची खुर्ची तुझ्याकडे ओढली. मग उठली आणि दार लावून घेतलं. मी बाकावर बसून त्या दाराकडे बघत होते. मला इतका राग आला.

सून: माझा?

सासू: तुझाच. दुसरं कोण होतं आत?

सून: मी मार खाऊन आले होते, आई.

सासू: मीही मार खाऊनच गेले होते. तुझ्या सासऱ्यांच्या ओळखीचा डॉक्टर, भला माणूस. मी म्हटलं पडले, तर म्हणाला, ‘जपून चालत जा.’ वर ह्यांना बाहेर जाऊन सांगितलं, ‘वहिनींना विश्रांती द्या.’ हे हसले. प्लास्टरही धड घातलं नाही, हाड जसं बसायचं तसं बसलं. मी तुझ्यापेक्षा काही वाईट खोटं बोलले नव्हते. तुझं त्या पोरीला पटलं नाही, एवढाच काय तो फरक. आणि तेवढ्याने तुझ्या दाराला नवं कुलूप.

सून: माझंही सगळ्यांना पटत होतं, कित्येक वर्षं. तुम्हालाही पटत होतं.

सासू: मला कधीच पटलं नाही.

सून: मग एकदा तरी बोलायचं होतं.

सासू: काय बोलायचं? मी सोसलं, ही पण सोसेल, असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, असंही वाटायचं की हिने का नाही सोसायचं? ही काय वेगळ्या मातीची आहे?

कुलूपवाला: मी जरा खाली जाऊन येतो. मोठा स्क्रूड्रायव्हर गाडीच्या डिकीत राहिलाय.

सून: तुमच्या हातात आहे तो काय आहे?

कुलूपवाला: हा लहान. ह्याने नाही व्हायचं.

सासू: जा, जा. बिचाऱ्याला पळायला जागा नव्हती.

सून: तुम्ही हे त्याच्याही समोर बोलला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या मुलाच्या.

सासू: त्याला काय सांगायचं? तो घरातच होता की. टेबलाखाली बसायचा, कानावर हात ठेवून. मला म्हणायचा, ‘आई, मी मोठा झालो की तुला घेऊन जाईन.’ माझ्यासाठी किती करू नि किती नको, असं होतं तेव्हा त्याचं. आणि मग वर्गात झोपायचा. रात्रभर जागं राहिल्यावर पोर झोपणारच.

सून: माझी मुलगीही वर्गातच झोपली होती.

सासू: तेच म्हणतेय मी. ती झोपली तर तिच्या बाईंनी तिला बाहेर नेलं, शेजारी बसवलं, विचारलं, ‘घरी झोप होत नाही का गं?’ आणि तिने सांगून टाकलं सगळं. बाईंनी बालसंरक्षणवाल्यांना फोन केला. सगळं कसं ओळीत, जसं काही तिच्यासाठी सगळे तयारच बसले होते. माझ्या मुलाला बाकावर उभं केलं होतं. हात वर करून. शाळा सुटेपर्यंत.

सून: आई, तुमच्या नातीचाही हेवा वाटतो तुम्हाला?

सासू: वाटतो. तिचा सगळ्यात जास्त वाटतो. त्यालाही कोणीतरी बाहेर नेऊन शेजारी बसवलं असतं, तर आज मला त्याचं कुलूप हातात घेऊन बसावं लागलं नसतं.

सून: फोन वाजतोय तुमचा.

सासू: वाजू दे.

सून: त्याचाच आहे. घ्या. मी काही बोलणार नाही.

(सासू फोन कानाला लावते. पलीकडचा आवाज सुनेपर्यंत पोचतो, शब्द पोचत नाहीत.)

सासू: हं... हो, आलाय माणूस. बसवून झालंय... तीन... अरे, ती इथेच उभी आहे... मी ‘बघते’ म्हटलं होतं बाळा, ‘देते’ नव्हतं म्हटलं... कोपऱ्यावर? तिथवर तरी यायला चालतं का तुला?... जेवलास का?... ऐकतेय... ऐकतेय मी, बोल... नाही, खाली नाही येत... माझे पाय दुखतात... आवाज चढवू नकोस... काय म्हणालास?... परत बोल... नको, नको बोलूस. ठेवते.

सून: त्याला चावी हवी आहे.

सासू: कपडे घ्यायचेत म्हणतो.

सून: कपड्यांसाठी अधिकारीबाईंना घेऊन यायचं, असं लिहिलंय.

सासू: मला वाचता येतं.

सून: चौथी चावी त्याच्यासाठी होती.

सासू: सकाळी होती.

सून: आणि आता?

सासू: शेवटी काय म्हणाला माहीत आहे? ‘मला परत सांगायला लावू नकोस.’ हळू आवाजात, एकेक शब्द सुटा. हे त्याचं बोलणं नाही. हे तुझ्या सासऱ्यांचं. ‘मला’ म्हणून मध्ये थांबायचे ना, तेवढाच थांबला. मला वाटलं, गेलेला माणूसच फोनवर आला.

सून: मला तो असंच म्हणतो. नेहमी.

सासू: मला माहीत आहे तो तुला काय म्हणतो. भिंत पातळ आहे. म्हणून नाही गेले मी त्याच्याबरोबर. गोळ्यांचं आपलं निमित्त केलं.

सून: ही तुमची चावी. तुमचं नाव मी अधिकारीबाईंना सांगून ठेवलंय, ह्या घरात राहणाऱ्या म्हणून.

सासू: काय म्हणून सांगितलंस? तुझी सासू?

सून: माझ्या आई म्हणून.

सासू: लाडीगोडी नको लावूस. ही चावी मी त्याला दिली तर?

सून: तर तो आत येईल. तुम्हाला माहीत आहे मग काय होईल. आणि त्यातून मी उठले, तर पोलिसांना फोन करीन आणि ते त्याला घेऊन जातील. ह्या वेळी नुसतं दाराबाहेर काढणार नाहीत.

कुलूपवाला: आलो. मिळाला स्क्रूड्रायव्हर. ताई, कोपऱ्यावर एक साहेब भेटले, माझी पेटी बघून थांबवलं. विचारत होते, एका चावीवरून दुसरी लगेच होईल का.

सून: काय म्हणालात?

कुलूपवाला: धंद्याचं बोललो. म्हटलं, चावी आणा, करून देतो. तर म्हणाले, ‘येतेच आहे. आई घेऊन येतेय.’ मग माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, आज मशीन बिघडलंय.

सासू: अजून उभा आहे?

कुलूपवाला: उभे आहेत. वर बघतायत, ह्या खिडकीकडे.

सासू: दाढी केलीय का?

कुलूपवाला: वाढलीय थोडी.

सासू: जेवला का विचारलं तर उत्तर दिलं नाही त्याने.

सून: आई.

सासू: घे ही. ठेव तुझ्याकडे.

सून: चावी तुमची आहे.

सासू: माझ्याकडे नको. ओरडला तर नाही देणार मी. पण उद्या रडला तर देईन. मला माहीत आहे माझं. आणि रडायला त्याला फार वेळ लागत नाही, तेही तुला माहीत आहे.

सून: मग तुम्ही बाहेरून आलात की घरात कशा येणार?

सासू: बेल वाजवीन. तू उघड. मी उभी राहीन बाहेर, तुझ्या घरच्या पाहुणीसारखी. झालं समाधान?

सून: नाही झालं.

सासू: मग माझंही नाही झालं. फिट्टंफाट.

कुलूपवाला: म्हणजे मावशी, काम संपलं म्हणायचं? जुनं कुलूप हे इथे ठेवतो.

सासू: थांबा हो. तुमच्या पेटीत कडी आहे का? आतून लावायची?

कुलूपवाला: आहे ना. पण ह्या दाराला काय गरज, ह्याला दोन वेळा फिरतं कुलूप आहे.

सासू: ह्या दाराला नको. माझ्या खोलीला.

सून: तुमच्या खोलीला? तिथे आता कोण येणार आहे?

सासू: कोणी नाही.

सून: मग?

सासू: जुन्या घरात एक होती. माझा भाऊ आला होता तेव्हा बसवून गेला, मला काही न विचारता, न बोलता. तो गेला त्याच रात्री ह्यांनी ती उपटली, लाकडासकट. भोक नंतर लांबी भरून बुजवलं. परत कोणी बसवली नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. तुला मिळालं ना कुलूप? मग मलाही हवीय.

सून: बसवा हो भाऊ. त्या म्हणतील तशी.

कुलूपवाला: दाखवा मावशी, कुठे हवी. जरा वर घेऊ? उजवीकडून सरकणारी आहे ही.

सासू: नाही. डाव्या हाताने लावता येईल अशी बसवा.