लसणाची चटणी आणि धनुष्यबाण

माझा नवरा सुहास गेल्यापासून सगळे मला त्याच्या हुशारीच्या गोष्टी सांगतात. आता माझी एक ऐका.

दोन हजार पाच साली आम्ही अमेरिकेत बेलव्ह्यूला होतो. सुहासच्या ऑफिसातला डेल धनुष्यबाणाने शिकार करायचा. बंदूक असताना धनुष्य कशाला, हे बघायला सुहास शिकारीच्या सीझनच्या शेवटच्या दिवशी त्याच्याबरोबर गेला. डेलला त्या वर्षी एकही हरीण मिळालं नव्हतं. हरणाला वास लागतो म्हणून त्याने सुहासला साबण, सेंट सगळं बंद करायला लावलं. सुहासने ते मनापासून पाळलं, आणि सॅकमध्ये पराठे आणि लसणाची चटणी भरली. आपला माणूस डब्याशिवाय दिवसभर बाहेर कसा राहणार?

दुपारी हरीण चालत चालत बाणाच्या टप्प्यात आलं. डेलने दोरी ताणली. सुहासची तिकडे पाठ होती; त्याने नेमका तेव्हाच डबा उघडला. हरीण पसार!

संध्याकाळी डेल त्याला घरी सोडायला आला. सगळं ऐकून मी म्हटलं, "सॉरी डेल. बंदूक असती तर लांबूनच मारलं असतंस ना?"

"बंदुकीपुढे हरणाला चान्सच नसतो," डेल म्हणाला. "धनुष्य घेतलं की त्याला एक मिळतो. आज तुझा नवरा होता, म्हणून दोन मिळाले."