बिनचाकांचं विमान

माझा जन्म कोल्हापूरचा, आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या लहानपणाला सरसाचा वास आहे. बाबा तिथल्या एका स्टुडिओत पडदे रंगवायचे, म्हणजे नटांच्या पाठीमागे जे आकाश दिसतं, राजवाडा दिसतो, ते सगळं बाबांच्या हातचं. शेगडीवर सरस, म्हणजे रंग धरून ठेवायचा गोंद, उकळायचा, त्यात रंगाची भुकटी पडायची, आणि कापडावरून निळा रंग असा पसरत जायचा की बघताना अंगाला गार वाटायचं. बाबा एकच सांगायचे, कॅमेऱ्याला दिसत नाही ते रंगवायचं नाही. तेच शिकून मी पुढे शाळेत चित्रकला शिकवली, आमचे हे त्याच शाळेत गणित शिकवायचे.

मग मुलगा सिडनीला आला, मागून आम्हीही आलो, हॅरिस पार्कच्या या फ्लॅटमध्ये. हे थोरल्या दिरांच्या वर्षश्राद्धाला म्हणून कोल्हापूरला गेले, तीन आठवड्यांसाठी, आणि ते तिकडे असतानाच साथ आली आणि इथल्या सरकारने देशाची दारं लावून घेतली. विमानतळावर मी त्यांना काय म्हणाले असेन? गोळ्या वेळेवर घ्या, आणि मफलर बॅगेत वरच ठेवलाय. बस्स, एवढंच. परतीची दोन तिकिटं रद्द झाली. शहात्तर वर्षांचा माणूस, घरात एकटा, गल्लीत दिवसाआड कुणाच्या तरी दारात रुग्णवाहिका, आणि मी इथून फोनवर विचारणार, जेवलात का.

अशात माझी नात इरा, तिची युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, घरूनच चालू होती, तिला काम आलं की महायुद्धाच्या काळात हॉलिवूडमध्ये एक चित्रपट झाला, तो कसा बनवला ते शोधा आणि त्यातलं एक दृश्य घरी करून दाखवा. ती सांगायची, आज्जी, इट्स क्रेझी, शेवटचा तो विमानतळ खोटा होता, विमान पुठ्ठ्याचं, खऱ्यापेक्षा लहान, ते मोठं वाटावं म्हणून शेजारी बुटकी माणसं मेकॅनिक करून उभी केली, आणि उरलेलं धुक्याने झाकलं. मी म्हटलं, अगं, मग आमच्या बाबांनी वेगळं काय केलं! तर म्हणते, आणि ऐक ना, शूटिंग चालू होतं तरी शेवट ठरलाच नव्हता, हिरॉइनला म्हणे ठाऊकच नव्हतं, विमानात कुणाबरोबर बसायचंय. मी विचारलं, मग ती चेहरा कसा ठेवायची? इरा म्हणाली, डोन्ट नो, तू सांग. मी भाजी चिरत राहिले.

विमान मी केलं. वाण्याकडून आट्याची, चहाची खोकी आणली, कापली, चंदेरी रंगवली, बाबांच्या पद्धतीने, दिसेल तेवढीच बाजू. इरा म्हणाली, आज्जी, मेकॅनिकसाठी तुझी उंची परफेक्ट आहे, आणि मुलाचा कामावरचा निळा बॉयलर सूट, बाह्या चारदा दुमडून, माझ्या अंगात चढवला. धुकं कुठून आणायचं? मी म्हटलं, देवापुढचा धूप आहे ना, आणि चांगला वाडगाभर पेटवला. पाचच मिनिटांत छतातला अलार्म किंचाळायला लागला, सगळी बिल्डिंग मास्क लावून खाली, आणि दारात अग्निशमन दलाचा उंचच उंच माणूस. धुरात हातात पाना घेतलेली मी, मागे विमान. इरा म्हणाली, सॉरी, ते आज्जीचं विमान आहे. तो वाकून बघतो आणि मला, इथे कुणालाही लाडाने म्हणतात तसं, म्हणतो, कुठे निघालंय, लव्ह? मी म्हटलं, कोल्हापूर. तो म्हणाला, नो वरीज, आधी खिडकी उघडा.

इराने चित्रित केलेलं ते दृश्य यांना पाठवलं. तासाभराने फोन. गणिताचा माणूस, म्हणाले, छान झालंय, पण चाकं कुठायत? मी म्हटलं, धुक्यात झाकली जातात, दिसत नाहीत ती कशाला रंगवायची? मग म्हणाले, अगं, पण मग ते उतरणार कसं?

इराला मार्क चांगले मिळाले. यांचं तिसरं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, तेही राहील की जाईल, मी आता विचारत नाही. विमान बैठकीत भिंतीला टेकवलेलं आहे, ऊन आलं की पुठ्ठ्यातून चहाचा वास येतो. तुमचंही कुणी लांब अडकलं असेल तर ते सुखरूप घरी येवो, एवढंच म्हणते. काल दुपारी पुन्हा रंग काढले आणि चाकं रंगवली. भिंतीकडच्या बाजूचीही रंगवली, जी कुणालाच दिसायची नाहीत.